नेदरलँड्सला पहिल्यांदा येताय? आजी-आजोबा आणि पोरांसकट पाच दिवस

आम्ही ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टलवेनला राहायला आल्यापासून दर एप्रिल-मेमध्ये कोणी ना कोणी येतंच. आणि ‘पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाताना मध्ये एक दिवस हॉलंड टाकलंय, काय काय होईल बघून?’ असा फोन वर्षातून चारदा तरी वाजतो. एका दिवसात होतं ते एवढंच: बस थांबते, लाकडी बुटांत पाय घालून फोटो निघतो, बोटीत बसल्यावर सगळ्यांना डुलकी लागते. देश महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा, त्यामुळे लोकांना वाटतं उरकून टाकू. मी सांगते, पाच दिवस द्या. एकाच गावात मुक्काम ठेवा, बॅगा एकदाच उघडा आणि रोज सकाळी ट्रेनने निघून संध्याकाळी परत या. शहर आणि शेतशिवार यांच्यात इथे तासाभराचंही अंतर नसतं, त्यामुळे हॉटेल बदलत फिरण्यात काही अर्थ नाही.

पुढे जे लिहिलंय ते आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं (वय ५ आणि १०) यांना फिरवून झालेल्या शहाणपणावर. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यामुळे आमच्या सहलीत पाण्याकडे जरा जास्तच लक्ष गेलं. पण हा देश बघायचा तर ती खोड उपयोगीच पडते.

आधी महिना ठरवा, तिकिटं नंतर

ट्युलिप बघायचे असतील तर तारीख तुमच्या हातात नाही, फुलांच्या हातात आहे. लिस गावची क्यूकेनहॉफ बाग मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघडते आणि मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम आठ आठवडे चालू असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन ‘ट्युलिप कुठेत?’ विचारणारे दरवर्षी भेटतात. बागेत काहीतरी शिल्लक असतं, बाहेरची शेतं मात्र बोडकी झालेली असतात. एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात भरवशाचा.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. सगळा देश केशरी कपडे घालून रस्त्यावर उतरतो, घरातल्या जुन्या वस्तू फुटपाथवर मांडून विकतो. मजा असते, पण ॲम्स्टरडॅममध्ये त्या दिवशी गणपती विसर्जनाच्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. आजी-आजोबा बरोबर असतील तर तो दिवस छोट्या गावात काढा. २७ तारीख रविवारी आली तर सण आदल्या दिवशी होतो, हेही बघून ठेवा.

फुलांचा हट्ट नसेल तर जून उत्तम. रात्री दहापर्यंत उजेड असतो, पोरांना झोपवताना पडदे ओढून अंधार करावा लागतो. डिसेंबरात उलट, साडेचारला दिवेलागण.

व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अनेक देश फिरणार असाल तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे पंढरपूरला आषाढीच्या आदल्या दिवशी खोली शोधण्यासारखं आहे. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर इथल्या माणसाला नगरपालिकेत जाऊन हमीपत्रावर शिक्का घ्यावा लागतो आणि ते मूळ पत्र भारतात पाठवावं लागतं. कुरिअरचा आठवडा हिशोबात धरा. मूल एकाच पालकाबरोबर येत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जोडा.

मुक्काम: जिना बघून घ्या

ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांकाठची ती उंच, चिंचोळी घरं फोटोत गोड दिसतात. आतला जिना म्हणजे शिडी. पायरीवर पाऊल आडवं ठेवावं लागतं आणि धरायला कधीकधी दोर असतो. म्हणून तर प्रत्येक घराच्या माथ्यावर तुळई आणि हूक आहे. कपाटं, पलंग, पियानो सगळं बाहेरून दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. आजी-आजोबांना ओढून घेण्याची सोय नाही, म्हणून बुकिंग करताना ‘लिफ्ट आहे का?’ हा पहिला प्रश्न.

शिवाय ॲम्स्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो. हारलेम किंवा झान्दाममध्ये उतरलात तर ॲम्स्टरडॅम ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर आणि रात्री खिडकीखाली दंगा नाही. माझं मत विचाराल तर हारलेम. चौक सुंदर, गाव चालत फिरण्याएवढं, समुद्रही जवळ.

कार्ड टॅप करणं शिका

ट्रेन, ट्राम, मेट्रो, बस सगळीकडे आता बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना टॅप, उतरताना टॅप. सोपं वाटतं, पण आमच्या घरातल्या प्रत्येकाने यात एकदा तरी पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

निघण्याआधी भारतातल्या बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ‘टॅप’ दोन्ही चालू करून घ्या. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं हवं. माणशी एक कार्ड, एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. ज्याने टॅप-इन केलं त्यानेच टॅप-आउट करायचं. वहिनीने जाताना कार्ड टेकवलं आणि उतरताना तेच कार्ड भरलेला फोन टेकवला. खातं एकच, पण यंत्राच्या लेखी ही दोन वेगवेगळी माणसं, आणि दोघांचेही प्रवास अर्धवट. ट्रेनमध्ये टॅप-आउट विसरलात तर २० युरो जातात, ट्राम-बसमध्ये ४.

मुलांना कार्ड देऊ नका, पूर्ण भाडं कापलं जाईल. ट्रेनमध्ये चारच्या आतली मुलं फुकट आणि ४ ते ११ वयासाठी ‘रेलरनर’ नावाचं दिवसाचं तिकीट मिळतं. ते अडीच युरोंच्या आसपास असतं आणि त्यावर दिवसभर कुठेही फिरता येतं. मोठी माणसं चार किंवा जास्त असतील तर ट्रेनचं ऑफ-पीक ग्रुप तिकीट बघा, एकेकट्याच्या भाड्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा ते चालत नाही. आजी-आजोबांची आंघोळ, पोरांचा नाश्ता होईतो तसेही नऊ वाजतातच.

आणखी एक. डब्याच्या काचेवर ‘स्टिल्टे’ लिहिलेलं असेल तर तो शांततेचा डबा. आम्ही सात जण शेंगदाण्याचे लाडू काढून मोठमोठ्याने बोलत बसलो होतो. समोरच्या बाईंनी एक शब्द न बोलता फक्त काचेकडे बोट केलं. तेव्हापासून आईचा दंडक: आधी काच वाचायची, मग डबा उघडायचा.

शहराचा दिवस

ॲम्स्टरडॅम सेंट्रल स्थानकाच्या मागच्या दाराने बाहेर पडलात की समोर ‘आय’ नावाचं रुंद पाणी आणि त्यावर फेरीबोट. पलीकडे जाऊन परत या. तिकीट नाही, रांग नाही, सायकली घेऊन कामावर निघालेली माणसं आजूबाजूला. पोरांना ही पाच मिनिटांची फुकट बोट तासाच्या कालवेसफरीपेक्षा जास्त आवडली. कालवेसफर करायचीच, पण दुपारी, पाय दुखायला लागल्यावर.

रायक्सम्युझियमचं, म्हणजे इथल्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाचं, तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. सगळे रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्रासमोर गर्दी करतात, तुम्हीही करा. पण नंतर आशियाई दालनात जा. तिथे बारावं शतक किंवा त्याआधीचा, चोळकाळातला कांस्याचा नटराज उभा आहे, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. आई तिथे थबकली, चप्पल काढावी की नाही या विचारात पडली आणि शेवटी नुसते हात जोडले. वस्तुसंग्रहालयात तिने सगळ्यात जास्त वेळ तिथे काढला.

व्हॅन गॉग म्युझियमची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, मुलांना मोफत असली तरी त्यांची वेळही राखून ठेवा. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सकाळी दहाला (इथल्या घड्याळाने, म्हणजे उन्हाळ्यात भारतात दुपारी दीड) सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी उघडतात आणि भराभर संपतात. दारावर काही मिळत नाही. जिने उभे आहेत आणि पाच वर्षांच्या मुलाला तिथे काय सांगणार? आम्ही दोन गट केले. दहा वर्षांची पुतणी आत गेली, धाकटा बाहेर कालव्यावर बदकं मोजत बसला.

सूचना दोन. एक, ‘कॉफीशॉप’ लिहिलेल्या दुकानात कॉफी प्यायला जाऊ नका. तिथे गांजा मिळतो. बाबा ‘दोन कप चहा सांगून येतो’ म्हणत एका दाराशी पोचले होते, मी धावत जाऊन आणलं. चहा-कॉफीसाठी ‘कॅफे’ बघा. दोन, लाल रंगाचा डांबरी पट्टा दिसला की तो फुटपाथ समजू नका. ती सायकलींची वाट आहे आणि सायकलवाले ब्रेक मारत नाहीत, घंटी मारतात. रस्ता ओलांडताना गाड्यांआधी सायकलींकडे बघायचं, दोन्ही बाजूंना.

पवनचक्क्या: एक दिवस पूर्ण द्या

जागा दोन आहेत. झान्से स्खान्स ॲम्स्टरडॅमपासून ट्रेनने सतरा-अठरा मिनिटं आणि मग थोडं चालणं. स्थानकावर उतरलात की बऱ्याचदा कोकोचा वास येतो, आजूबाजूला कोको दळणारे कारखाने आहेत. पोरांनी ‘चॉकलेट कुठेय?’ म्हणून भुणभुण लावली तर त्यांचा दोष नाही. इथल्या चक्क्या कामाच्या: एक तेल काढते, एक रंगाची पूड दळते, एक लाकूड चिरते. लाकूड चिरणारी नक्की बघा. वाऱ्याने पाती फिरतात आणि आत करवती वर-खाली होऊन अख्खा ओंडका फळ्या होऊन बाहेर येतो. ही युक्ती १५९० च्या दशकातली. तिने जहाजबांधणी झपाट्याने वाढली आणि पुढच्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं थेट आपल्या कोकणात पोचली. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहिली असेल तर इथे तिचं दुसरं टोक सापडतं.

किंडरडाइक लांब आहे. आधी ट्रेनने रॉटरडॅम आणि तिथून वॉटरबस, म्हणजे नदीवरची प्रवासी बोट. पण एकच जागा निवडायची तर मी किंडरडाइक सांगेन. १७४० च्या आसपासच्या १९ चक्क्या पाण्याकाठी रांगेत उभ्या आहेत, १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि बऱ्याचशा चक्क्यांत अजून कुटुंबं राहतात. बाहेर कपडे वाळत घातलेले दिसतात. या चक्क्या धान्य दळायच्या नाहीत, पाणी उपसायच्या. सखल जमिनीतलं पाणी एका पातळीवरून उचलून वरच्या पातळीवर, आणि तिथून नदीत.

बाबा बांधावर उभे राहिले. एकीकडे नदी, दुसरीकडे गाईंचं कुरण. दोनदा इकडून तिकडे मान वळवून म्हणाले, ‘अगं, कुरण नदीच्या खाली आहे.’ आयुष्यभर त्यांनी पाणी शेतापर्यंत कसं न्यायचं याची मोजमापं केली. इथे अख्खा देश ते शेतातून बाहेर कसं काढायचं याच्या मागे. मग मात्र ते चक्क्या सोडून आजच्या पंपघराकडे गेले. तिथे पाणी उचलायला प्रचंड स्क्रू फिरतात, आर्किमिडीजचे. पोरांना आइसक्रीम मिळालं, बाबांना स्क्रू मिळाला, आम्ही बाकीचे बाकावर बसलो. तासभर कोणी कोणाला हाक मारली नाही.

संग्रहालय म्हणून उघड्या असलेल्या चक्कीत शिरा. चक्कीवाल्याच्या घरातली झोपायची जागा म्हणजे भिंतीतलं दार असलेलं कपाट. पात्यांची भाषाही समजून घ्या: चक्की थांबवताना वरचं पातं सरळ उभं होण्याच्या किंचित आधी थांबवलं असेल तर घरात आनंदाची बातमी, किंचित पुढे गेलेलं असेल तर दुःखाची. फिरत्या पात्यांभोवती दोरी बांधलेली असते. पात्याचं टोक जमिनीजवळून फार जोरात जातं, मुलांचा हात सोडू नका.

बाबांसारखं कोणी घरात असेल आणि मुक्काम हारलेमला असेल, तर जवळच क्रुकियसचं जुनं वाफेचं पंपघर आहे. आत १४४ इंच व्यासाचा सिलिंडर असलेलं वाफेचं इंजिन आहे, जगातलं सगळ्यात मोठं. अशा तीन पंपघरांनी हारलेमचं प्रचंड सरोवर १८५२ पर्यंत कोरडं केलं. तुमचं विमान ज्या स्किपोल विमानतळावर उतरलं तो त्याच सरोवराच्या तळाशी आहे, समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली.

फुलं

क्यूकेनहॉफचं तिकीटही वेळेचं असतं. सकाळी आठला दार उघडतं. त्या पहिल्या तासात जा नाहीतर दुपारी साडेतीननंतर, मधल्या वेळात पर्यटकांच्या बसगाड्या रिकाम्या होत असतात. मोसमात स्किपोल, लायडन आणि हारलेमहून थेट बस असते. ३२ हेक्टरमध्ये दरवर्षी सत्तर लाख कंद लावतात. नावाचा अर्थ मात्र ‘परसबाग’. पंधराव्या शतकात इथून किल्ल्याच्या मुदपाकखान्यात भाजीपाला, वनस्पती जायच्या.

बागेबाहेरची रंगीत पट्ट्यांची शेतं खरी भुरळ घालतात, आणि घोळही तिथेच होतो. ती कोणाची तरी शेती आहे. ओळींत शिरून, बसून, आडवं होऊन फोटो काढू नका. झाडं तुडवली जातातच, शिवाय बुटांबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो. आपल्या कांद्याच्या रोपात कोणी असं लोळलं तर आपण काय करू? हा शेतकरीही कांदेच पिकवतो. त्याला फूल नकोच असतं, कंद हवा असतो. म्हणून ऐन बहरात एक यंत्र येतं आणि सगळी फुलं कापून टाकतं, जोर कंदात जावा म्हणून. काल लाल असलेलं शेत आज हिरवंगार दिसलं तर रस्ता चुकलेला नाही.

जुना दर्या आणि चीजचे बाजार

सेंट्रल स्थानकाच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसतळ आहे. तिथून मार्कन, व्होलेनडाम, एडाम या गावांच्या बस सुटतात. आधी मार्कनला जा. १९५७ पर्यंत हे बेट होतं, मग रस्ता बांधला. हिरव्या रंगाची लाकडी घरं उंचवट्यांवर आणि खांबांवर उभी आहेत, पूर आला की पाणी खालून जावं म्हणून. तिथून व्होलेनडामला मोसमात अर्ध्या तासाची बोट मिळते. व्होलेनडाम म्हणजे आठवणवस्तूंची दुकानं आणि तळलेल्या मासळीचा वास. मासे खाणाऱ्यांनी ‘किबेलिंग’ घ्यावं, बाकीच्यांनी तासाभरात एडाम गाठावं. ते गाव निवांत आहे.

व्होलेनडामच्या धक्क्यावर बाबांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाले, ‘गोडं आहे!’ १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून डच लोकांनी समुद्राचं तोंडच बंद केलं. खारं पाणी हळूहळू गोडं झालं, दर्यावरचे कोळी तळ्याकाठचे झाले.

शुक्रवार हाताशी असेल तर सकाळी आल्कमार. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर दर शुक्रवारी दहा ते एक चीजबाजार भरतो. पांढऱ्या कपड्यांतले हमाल दोघांत एक लाकडी डोली खांद्याच्या पट्ट्यांवर पेलून विशिष्ट तालात पळतात. एकाच तालात पाऊल पडलं तर डोली झुलते, म्हणून दोघांची पावलं उलटसुलट. सौदा करताना खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांच्या हातावर टाळी देत भाव सांगतात. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून होतो तो सौदा आठवला. आता हे सगळं पर्यटकांसाठी असतं, पण हमालांची चार रंगांच्या टोप्यांची मंडळं खरी आहेत आणि त्यांचा संघ १५९३ पासूनचा. साडेनऊला पोचा, नाहीतर पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी बघायला मिळतील.

खीटहोर्नबद्दल सगळे विचारतात. रस्ते नसलेलं, पावणेदोनशे पुलांचं गाव. पीट, म्हणजे जळणासाठी जमिनीतून चिखल खणून गोवऱ्यांसारखा वाळवायचा, या उद्योगातून तिथले कालवे आणि तळी तयार झाली. गाव सुंदर आहे. पण ट्रेनने स्टेनवाइक आणि पुढे बस धरून एका बाजूला दोन तास, आणि भर दुपारी कालव्यात बोटींची टक्कराटक्कर. पाच दिवसांत बसवू नका. सहावा दिवस असेल तर तिथेच रात्री राहा आणि सकाळी आठला बोट घ्या. विजेवर चालते, आवाज नाही, परवाना लागत नाही.

पोटाचं बघा

डच लोक दुपारी थंड ब्रेड-चीज खातात आणि संध्याकाळी सहाला जेवतात. रात्री नऊनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. नळाचं पाणी खुशाल प्या. शाकाहारी लोकांनी दोन शब्द पाठ करावेत: ‘झोंडर फ्लेस’ म्हणजे मांसाशिवाय, ‘झोंडर फिस’ म्हणजे माशांशिवाय. मटारचं सूप दिसलं म्हणून हुरळू नका, त्यात डुकराचं मांस असतं. पॅनकेक आणि चिमुकल्या ‘पोफर्चेस’मध्ये अंडं असतं. पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी असाल तर दुकानात ‘वेखेटारिस स्ट्रेमसेल’ म्हणजे शाकाहारी रेनेटवालं मागा, सुपरमार्केटमध्येही मिळतं. पोरांची चिंता नको. लोण्यावर चॉकलेटचे कण भुरभुरलेला ब्रेड इथे अधिकृत न्याहारी आहे.

शेवटच्या दिवशी द हेग ठेवा. सकाळी मदुरोदाम, १९५२ पासूनचं छोटं शहर, जिथे सगळ्या देशाच्या इमारती १:२५ मापात आहेत. आधी चार दिवस फिरून मग ते बघितलं की पोरं ‘ही बघ आपली चक्की’ करत पळतात. दुपारी सुरिनामी जेवण. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ जहाजातून उत्तर भारतातले मजूर दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, करारावर गेले. त्यांचे वंशज १९७५ च्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले आणि बरेच द हेगमध्ये स्थिरावले. पाउल क्रुगरलानवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं आहेत. त्यांची रोटी म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, तिखट पुरणपोळीच म्हणा, बरोबर बटाटा आणि लांबलचक चवळीच्या शेंगांची भाजी. ‘बारा’ मागितलात तर उडदाच्या डाळीचा वडा येतो. मांसाशिवाय हवं ते इथेही आधी सांगा. काउंटरवरच्या मावशी आईशी भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलल्या, आई मराठी वळणाच्या हिंदीत, आणि व्यवहार उत्तम झाला.

सायकल आणि पाऊस

सायकल भाड्याने घ्यायची तर शहरात नको, गावाकडे घ्या. तिथे चौकाचौकांत क्रमांकाच्या पाट्या असतात. नकाशावरून चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि एकामागून एक शोधत जायचं. लहान मुलांसाठी पुढे लाकडी पेटी असलेली सायकल मिळते. घेण्याआधी ब्रेक कुठे आहे ते विचारा. बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पायडल मागे दाबलं की चाक थांबतं. दादाला हे कोणी सांगितलं नव्हतं. उतारावर तो सवयीने बोटं आवळत राहिला, हातात काहीच आलं नाही आणि शेवटी एका घराच्या कुंपणात गेला. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी खिडकीतून हात हलवला, जणू रोज कोणीतरी येतंच.

छत्री आणू नका, वारा उलटी करतो. टोपीवाला रेनकोट आणा, एप्रिलमध्ये त्याखाली स्वेटर. ‘बायनराडार’ नावाचं ॲप पुढच्या दोन तासांत पाऊस किती वाजता येणार ते सांगतं. इथले लोक ते बघून घराबाहेर पाऊल टाकतात, तुम्हीही टाका.

परतीच्या खरेदीत ट्युलिपचे कंद घेऊ नका. ते शरद ऋतूत लावायचे असतात, त्यांना फुलण्याआधी काही आठवडे कडक थंडी लागते आणि रोपं-कंद भारतात न्यायला परवानगीची कागदपत्रं लागतात. आईने लाकडी ट्युलिप घेतले. चीज हवं असेल तर हवाबंद पाकिटातलं कडक चीज घ्या आणि मोठ्या बॅगेत ठेवा. एका दुकानात ५० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली असेल तर कर परताव्याचा कागद मागून घ्या, त्यावर शिक्का विमानतळावर, बॅग देण्याआधी.

स्किपोलचं रेल्वे स्थानक विमानतळाच्या पोटातच आहे. सरकत्या जिन्याने वर आलात की गेटसारखं काही आडवं येईलच असं नाही, नुसते खांब असतात, आणि बॅगा ढकलण्याच्या नादात तिथेच टॅप-आउट राहतं. गेल्या वेळी आम्ही सगळे सुरक्षातपासणीच्या रांगेपर्यंत पोचलो, तेव्हा बाबांनी खिशातून कार्ड काढून त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी सामान धरून उभी राहिले, ते परत खाली गेले.